कोरे डोळे

त्या उन्हाळ्यात मी माणसात नव्हतो, असं माझी बायको उत्तरा अजून म्हणते. खोटं नाही ते. जेवायला बसलो की अर्ध्यातून उठायचो, पडलो की भिंतीवर बोटाने पापण्या काढत राहायचो, आणि कोणी ‘कुठवर आलं गा काम?’ असं सहज विचारलं तरी त्याच्या अंगावर धावून जायचो. माझं सगळं घोडं एका पापणीपाशी अडलं होतं.

साल १९७३. नागपुरात लकडगंजाच्या पुढे एक नवं नाट्यगृह उभं राहत होतं आणि त्याच्या पायऱ्यांशेजारी सात फुटी पुतळा बसवायचा होता. ते काम मला मिळालं होतं. मी तेव्हा एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. दहा वर्षं पोरांकडून केळी आणि सुरई काढून घेता घेता माझा जीव विटला होता. माझे वडील रामाजी यांनी चितार ओळीत, मूर्तिकारांच्या आमच्या गल्लीत, पन्नास वर्षं गणपती, गौरी आणि दुर्गा घडवल्या, आणि त्यातली एकूणएक मूर्ती पाण्यात गेली. आजोबांच्याही गेल्या. आमच्या घरातलं काहीतरी एकदा तरी कोरडं राहावं, सिमेंटचं व्हावं, ऊन-पाऊस खात उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. पण ती इतकी मोठी होती की तिच्यामुळे मला धड झोप लागत नव्हती.

नाट्यगृहाच्या समितीला नटराज हवा होता. नाट्यगृह म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. मी सांगितलं, नटराज प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगच्या पडद्यावर असतो, इथे आपला माणूस उभा करू. खडी गंमतीतला नाच्या. खडी गंमत म्हणजे आमच्या विदर्भातला खेड्यांचा तमाशा. त्यात बाई नसते, लुगडं नेसून बाईचं काम बाप्याच करतो, आणि सगळे रात्रभर उभ्यानेच गातात. काटोलकडच्या एका गावात महादेवराव नावाचा नाच्या मी लहानपणापासून पाहत आलो होतो. दिवसा संत्र्याच्या बागेत आळी करणारा माणूस. पण पायात चाळ बांधले की तो पहिलं पाऊल टाकायच्या आधी एक हात कानामागे न्यायचा, कमरेवर भार टाकायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि ढोलकीची वाट पाहायचा. नाच सुरू व्हायच्या आधीचं ते ऐकणं मला घडवायचं होतं. नाच कोणीही दाखवतो.

समितीचे अध्यक्ष भैय्याजी सागवानाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी माझा वीतभर नमुना हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, ‘मास्तर, आयडिया बढिया हाय. पण बाईसारखी सुंदर झाली पायजे. बाप्या आहे हे समजलं नाई पायजे.’

मी हो म्हटलं. बाप्या आहे हे समजावं म्हणूनच तर माझा सगळा खटाटोप होता, पण काम हातचं जाईल म्हणून मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी त्या वर्षी फार पटाईत झालो होतो.

भैय्याजींनी त्यांच्याच लाकडाच्या वखारीत मागचं टिनाचं शेड मला दिलं. शेजारी आरामशीन. दिवसभर लाकूड कापण्याची किंकाळी, वर तापलेला टिन, आणि मी लोखंडी सांगाड्यावर माती थापतोय. नागपूरच्या मे महिन्यात ओली माती ओली ठेवणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळेल. दर तासाला पाणी मारायचं, गोणपाट भिजवून गुंडाळायचं, तरी दुपारच्या गरम वाऱ्याने खांद्याला भेग जायची ती जायचीच. शाळेला सुट्या लागल्या होत्या. सकाळी सहाला जायचो ते दिवेलागणीला परत यायचो.

पाय झाले, लुगड्याच्या निऱ्या झाल्या, कमरेचा तो नेमका कल साधला, कानामागचा हात झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात सगळी मूर्ती उभी होती. राहिले फक्त डोळे.

ते काही केल्या जमेनात. अर्धे मिटलेले डोळे करायला गेलो की माणूस झोपलेला दिसायचा. थोडे उघडले की कोणाकडे तरी पाहायला लागायचा. मला पाहणारा नको होता, ऐकणारा हवा होता. मी अकरा वेळा डोळे केले आणि अकरा वेळा खरवडले. साध्या चिमूटभर मातीने मला रडकुंडीला आणलं होतं. एकदा तर मी काटोलची एसटी धरून महादेवरावच्या गावी गेलो, त्याला भर दुपारी बागेत उभं करून कानामागे हात ठेवायला लावला आणि तासभर त्याच्या पापण्या पाहत बसलो. तो बिचारा घामाघूम झाला. ‘ढोलकी नाई तर डोये कसे मिटतीन, मास्तर?’ म्हणाला. खरंच होतं. मी तसाच परत आलो.

पंधरा जूनला उद्घाटन होतं. सिमेंट मुरायला तीन आठवडे लागतात, चौथऱ्यावर बसवायला आणखी काही दिवस, म्हणजे बारा मेला साचा घ्यायलाच हवा होता. साचा घ्यायला गणपतराव येणार होते. ते बाबांचे शागीर्द. आता आमचं चितार ओळीतलं दुकान तेच चालवायचे, आणि प्लास्टरच्या साच्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचं जाड कवच चढवायचं, ते दोन भागांत उघडायचं, आतली माती तुकड्यातुकड्याने खणून काढायची आणि त्या पोकळीत सिमेंट भरायचं, अशी ती रीत. म्हणजे माती जाते आणि तिचा आकार राहतो.

दुकान गणपतरावांकडे गेलं कारण बाबांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून विझत आत आली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शेवटची दुर्गा केली. त्याआधी आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांच्या मूर्तींचे डोळे उघडायला बाबांना बोलावत. आता ते दिवसभर ओसरीवर बसून असत आणि बोटांनी खांबाचं लाकूड चाचपत असत. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवत होतो, पण मी आर्ट स्कूलला गेल्यापासून कामाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. पुतळ्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. उत्तराने सांगितलं. त्यांनी ‘हूं’ म्हटलं म्हणे.

दहा तारखेला सकाळी मी बाराव्यांदा डोळे खरवडले. ती जागा बोटाने सपाट केली, भेग जाऊ नये म्हणून तोंडावर ओलं फडकं टाकलं, आणि भैय्याजींकडे चार दिवसांची मुदत मागायला सायकल काढली. भैय्याजी पाहुण्यांत बसले होते. त्यांनी मला दीड तास बसवून ठेवलं, वर वाळ्याचं सरबत पाजलं आणि सांगितलं, ‘एक दिन बी नाई. कार्डं छापून झाले.’ मी रागाने सरबत अर्धं ठेवून उठलो. येताना रस्त्यात दोन माणसांना सायकल घासली आणि दोघांशी भांडलो.

वखारीत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. शेडच्या दाराबाहेर वखारीचा चौकीदार नानाजी हात जोडून उभा होता. त्याच्या चपला बाहेर काढलेल्या होत्या.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘रामाजी आले व्हते ना,’ तो हळूच म्हणाला. ‘रिक्शानं. दोन घंटे होते. मीच स्टूल धरलं.’

मी आत गेलो. ओलं फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं होतं. आणि सात फुटी नाच्या देवीच्या डोळ्यांनी माझ्याकडे रोखून पाहत होता.

मोठे, लांब, कानाकडे गेलेले डोळे. कडा कोरणीने काढलेल्या, बुब्बुळं खोलगट करून त्यात वखारीतला ओंडक्यांवर आकडे टाकायचा काळा रंग भरलेला. राखी मातीत ते दोन काळे डोळे असे चमकत होते की मी क्षणभर मागेच सरलो. मग दुसऱ्या क्षणी मला दिसलं की डावा डोळा बोटभर खाली गेला आहे.

मी काय पाहतोय हे मला पुरतं कळायला थोडा वेळ लागला. आमच्या घराण्यात मूर्तीचे डोळे घरातला थोरला उघडतो. बाकी सगळं काम झालं की धाकट्यांनी डोळ्यांची जागा कोरी ठेवायची आणि तोंडावर ओलं फडकं टाकायचं. थोरल्याला बोलवायला कोणी जात नाही. बोलावणं म्हणजे त्याला कामाला लावणं, ते बरं दिसत नाही. फडकं दिसलं की तो समजतो, आंघोळ करून येतो आणि डोळे उघडतो. बाबा नुसते मूर्ती पाहायला, म्हणजे चाचपायला, आले असणार. त्यांच्या हाताला फडकं लागलं. फडक्याखाली कोरी जागा लागली. त्यांना वाटलं, पोराने तोंडाने मागितलं नाही पण डोळे आपल्यासाठी ठेवले.

आणि मी तर माती वाळू नये म्हणून फडकं टाकलं होतं!

मी कोरणी उचलली. नानाजीने माझं मनगट धरलं.

‘मास्तर, नका करू. डोये उघडले आता.’

‘देव नाही हो तो! गंमतीतला नाच्या आहे!’ मी ओरडलो.

‘असू द्या ना. पाहून तर राहिला.’

मी हात सोडवून घेतला, पण कोरणी काही वर गेली नाही. मी आर्ट स्कूलला शिकलो होतो, मी पुस्तकं वाचली होती, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी कोरणी वर गेली नाही. उघडलेले डोळे खरवडायचे नसतात, हे माझ्या हाताला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि त्या हाताचा मला भयंकर राग आला.

थोड्या वेळाने गणपतराव प्लास्टरची पोती घेऊन आले. त्यांनी दारातूनच पाहिलं, चपला काढल्या आणि पोती परत रिक्षात टाकायला सांगितली.

‘हे काम माह्यानं होणार नाई, चंपत.’

‘का? तुम्हाला साचा तर घ्यायचा आहे.’

‘साचा घेतो गा. पण मंग मातीत हात घालून थे तोंड मीच खणू? रामाजीनं उघडलेले डोये? सांगू नको मले.’

त्यांच्या पाठोपाठ भैय्याजी आले, चांगले चार जणांना घेऊन. माझ्या तोंडावर मुदत नाकारली त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मूर्ती पाहिली आणि ते हरखूनच गेले. त्यांना डावा डोळा दिसला नाही. त्यांना नुसते डोळे दिसले.

‘आता झाली ना बाईसारखी! मास्तर, तुमी उगाच टाइम मागून राहिले होते. हे तर पूर्ण झालं.’ त्यांनी वखारीतल्या माणसाला पळवून नारळ आणायला लावला, तो फोडला आणि मूर्तीच्या पायाशी ठेवला. चौघांपैकी एकाने नमस्कारही केला.

मी त्या शेडमध्ये उभा राहून माझं पहिलं काम माझ्या डोळ्यांदेखत देऊळ होताना पाहिलं. माझा नाच्या, तो घामेजलेला, कान देऊन उभा असलेला बाप्या, गेला होता. हा पुतळा आता त्या पायऱ्यांशेजारी शंभर वर्षं तिरप्या डोळ्यांनी उभा राहणार होता आणि खाली माझं नाव असणार होतं. सगळे खूश होते. फक्त माझ्या जिवाची काहिली होत होती.

सायकलवरून घरी येताना मी बाबांना काय काय बोलायचं ते जुळवत होतो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तुम्हाला दिसतं तरी का? माझ्या आयुष्यात एक गोष्ट माझी म्हणून होऊ द्यायची नाही का? गांधीबागेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं, आणि चितार ओळीच्या तोंडाशी येईपर्यंत त्याला चांगली धार आली होती.

घरात पुरणाचा वास येत होता. डोळे उघडल्याच्या दिवशी आमच्याकडे पुरण करतात. उत्तरा चुलीपाशी होती. मला पाहून ती उठली आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी जरा घाबरलोच.

‘मामाजींनी आज मागून पोळी घेतली,’ ती दबक्या आवाजात म्हणाली. ‘तीन वर्षात पहिल्यांदा. दुपारपासून ओळीतल्या सगळ्यांले सांगून राहिले, चंपतनं माह्यासाठी डोये ठेवले म्हणून. तुमी बोलले काहून नाई मले? किती चांगलं केलं तुमी.’

मी हातपाय धुतले. बाबा ताटावर बसले होते, स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. नखांत अजून काळा रंग होता. मी त्यांच्या समोरच्या पाटावर बसलो.

‘आला का?’ ते म्हणाले.

‘आलो.’

‘भैय्याजी येऊन गेले म्हणे.’

‘हो.’

‘काय म्हणत होते?’

‘खूश आहेत. नारळ फोडला.’

ते थोडा वेळ चावत राहिले. मग म्हणाले, ‘अन् तू? तू काय म्हणतं?’

भाषण जिभेवर होतं. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, उत्तराकडे पाहिलं, आणि म्हणालो, ‘चांगले आहेत, बाबा.’

त्यांचा घास हातातच थांबला. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि आम्ही जेवण उरकलं. मला वाटलं, मी आज मोठं मन दाखवलं. आतून मात्र मी सोलून निघत होतो. पुतळा गेला, असं मी मनाशी धरलं. दुसरा कधी मिळेल तेव्हा मिळेल. म्हातारा माणूस, किती दिवसांचा, जाऊ दे. असं सगळं म्हणून मी रात्र काढली, आणि त्यातल्या एकाही शब्दाने मला शांत वाटलं नाही.

सकाळी उठलो तर बाबा आंघोळ करून तयार. हातात दह्याची वाटी, पंच्यात अक्षता आणि हळद.

‘चाल वखारीत,’ म्हणाले. ‘गणपतलेही निरोप धाडला.’

‘कशाला?’

‘उत्तरपूजा कराची हाय.’

मला हायसं वाटलं. विसर्जनाच्या आधी मूर्तीची उत्तरपूजा करतात. हातावर दही ठेवतात, मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, आणि तिथून पुढे ती नुसती माती. म्हणजे गणपतरावांच्या मनाचा अडथळा दूर व्हावा, साचा घेता यावा, म्हणून म्हातारबा स्वतः निघाले होते. चांगली गोष्ट होती. निदान उद्घाटन तरी वेळेवर होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

आम्ही रिक्षाने पोचलो. वखारीत आरामशीन अजून सुरू झाली नव्हती. गणपतराव आणि नानाजी दाराशी बसले होते. मी बाबांना धरून स्टुलावर चढवलं. त्यांनी चाचपून मूर्तीचा मोकळा हात शोधला, त्यावर चमचाभर दही ठेवलं, हळदीचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, आणि ओठातल्या ओठात पुटपुटले. आयुष्यात लाखभर मंडळी गणपतीला निरोप देताना मी पाहिली असतील, पण लुगडं नेसलेल्या, चाळ बांधलेल्या एका गंमतवाल्याला कोणी असा निरोप दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी खाली उतरून मूर्तीखालच्या फिरत्या पाटाला हात लावला आणि मूर्ती बोटभर फिरवली.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘आता माती हाय. चंपत, खरवड डोये.’

मला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. ‘काय?’

‘डोये खरवड. अन् तुये काढ.’

गणपतराव उठून उभे राहिले. मी म्हणालो, ‘काहून खरवडू? चांगले आहेत ना.’

‘डावा खाली गेला हाय,’ बाबा म्हणाले. ‘कोरतानीच समजलं माह्या बोटाले. म्हटलं रंगानं झाकंल. नाई झाकलं ना?’

मी वर त्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं.

‘काल जेवताना तुले मुद्दाम इचारलं मी. मले वाटलं, आता हा भडकते. तू सतरा वर्षाचा व्हता तवा भर गिऱ्हाइकासमोर मले म्हणे, बाबा, तुमचे सगळे गणपती एकाच तोंडाचे हायेत. लय राग आला मले. पण मी दोन दिवस तोंडं पाहात बसलो त्यायचे. अन् पुढच्या साली बदलले. इचार गणपतले.’

गणपतरावांनी मान हलवली. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

‘अन् काल तू म्हणे, चांगले हायेत.’ बाबा म्हणाले. ‘कारागिराची चूक सांगतेत गा, चंपत. चांगले हायेत म्हणून म्हाताऱ्याले सांगतेत.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी रात्रभर ज्याला मोठं मन म्हणत होतो, त्याच मनाने या माणसाला मी ओसरीवर कायमचा बसवून आलो होतो. मी भडाभडा शिव्या दिल्या असत्या तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

‘अन् एक खरं सांग,’ ते म्हणाले. ‘ठेवले व्हते का तू माह्यासाठी?’

नानाजीने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच खूण केली, हो म्हणा. मलाही ते किती सोपं होतं.

‘नाही, बाबा,’ मी म्हणालो. ‘मी पुसले होते. बारा वेळा पुसले. मले जमूनच नाई राहिले.’ आणि मी रडायला लागलो, चांगला चाळिशीला टेकलेला बाप्या, दोन माणसांसमोर.

बाबांचा चेहरा पडला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मग त्यांनी हात पुढे करून स्टुलावरची कोरणी शोधली आणि माझ्या हातात दिली.

‘असं बोल,’ म्हणाले. ‘चढ आता.’

मी चढलो. आधी उजवा खरवडला, मग डावा. काळा रंग मातीत मिसळून बोटांना लागला. बाबांनी उघडलेले ते शेवटचे डोळे. त्यांचा फोटो नाही, कुठे नोंद नाही, आणि ते मी माझ्या हाताने काढून टाकले. पुढे सहा वर्षं ते जगले, पण पुन्हा त्यांनी कुठल्या मूर्तीचे डोळे उघडले नाहीत. आजही त्या नाट्यगृहावरून जाताना माझ्या बोटांना ते आठवतं आणि बरं वाटत नाही.

नवी माती लावली. काय करायचं ते तेव्हाही मला ठाऊक नव्हतं. फक्त माझी घाई गेली होती, आणि भैय्याजी काय म्हणतील याची भीतीही. खाली बाबा पाटाला धरून, मान एका बाजूला करून उभे होते. त्यांना दिसत काही नव्हतं. ते माझ्या कोरणीचा मातीवरचा आवाज ऐकत होते. त्यांच्या पापण्या अर्ध्या उतरल्या होत्या, पण झोपेने नव्हे, आणि खालची पापणी किंचित वर ओढली गेली होती. इतके दिवस मी वरच्या पापणीशी झुंजत होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं, आणि काम करत राहिलो. आरामशीन सुरू झाली तेव्हाही मी थांबलो नाही.

तासाभराने मी उतरलो. ‘पाहा,’ म्हणालो.

गणपतरावांनी आणि मी मिळून त्यांना वर चढवलं. त्यांनी दोन्ही अंगठे ओले केले आणि हळूच डोळ्यांवरून फिरवले, आधी दोन्ही एकदम, मग एकेक.

‘झाकलेले काहून ठेवले?’

‘ऐकून राहिला ना तो. ढोलकी.’

‘हूं.’ अंगठे परत फिरले. ‘उजवी पापणी जाड झाली.’

‘नाई झाली.’

‘झाली हाय.’

‘अहो, तुमाले दिसते तरी का?’ मी भडकून बोललो.

बाबा हसले. मी त्यांना इतकं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. स्टूल हलायला लागलं म्हणून आम्हाला त्यांना धरावं लागलं.

‘दिसत नाई गा,’ ते म्हणाले. ‘पण जाड हाय.’

मी त्यांना खाली उतरवलं, स्वतः वर चढलो आणि बाजूने नीट पाहिलं. जाडच होती. मी कोरणी मागितली.